गॅरेजगप्पा: विंडशील्डवरचे बारीक चरे आणि आपलंच फडकं

प्रश्न: माझ्या बाइकला पुढे उंच पारदर्शक विंडशील्ड आहे, लावून तीन वर्षं झाली. एरवी ठीकठाक दिसते पण संध्याकाळी ऊन समोर आलं किंवा रात्री समोरून गाडी आली की अख्खी काच पांढरीफटक होते आणि दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वलयं दिसतात. हात फिरवला तर काहीच लागत नाही, एकदम गुळगुळीत. एक मित्र म्हणतो टूथपेस्ट घास, दुसरा म्हणतो दोन हजार नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) मार आणि मग पॉलिश कर, मेकॅनिक म्हणतो कशाला डोकं लावताय, नवीन टाका. मी गाडीच्या बाबतीत बेफिकीर अजिबात नाही हो, रोज सकाळी निघताना न चुकता काच पुसतो. तरी हे झालं कसं, आणि आता करू काय?

उत्तर: झालं कसं याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, "रोज सकाळी न चुकता काच पुसतो". रागावू नका, पण तुमच्या काचेवरचे निम्म्याहून जास्त चरे रस्त्यावर पडलेलेच नाहीत, ते पार्किंगमध्ये पडलेत, आणि तेही तुमच्याच हातून. आपण तिला काच म्हणतो पण ती काच नाहीच, प्लास्टिक आहे, आणि रात्रभर तिच्यावर जी धूळ बसते त्यात वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस् मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७, खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास आणि हे प्लास्टिक जेमतेम ३. आता सकाळी कोरडं फडकं घेऊन त्या धुळीवरून हात फिरवायचा म्हणजे काय, तर आपण स्वतः पॉलिश पेपर तयार करून रोज काचेवर मारतोय. फडकं कितीही मऊ असू दे, अगदी महागातलं मायक्रोफायबर असू दे, चरे फडकं पाडत नाही, फडक्याखाली अडकलेला कण पाडतो.

त्या गोल वलयांबद्दल पण सांगतो कारण त्यावरून बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात की गोल गोल पुसल्यामुळे गोल चरे पडले. मोबाइलचा टॉर्च लावा आणि काचेमागे हळूहळू सरकवा, वलयं टॉर्चबरोबर सरकताना दिसतील. म्हणजे चरे गोल नाहीतच, ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे आहेत, फक्त दिव्याभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यात भरतात आणि आपल्याला जाळं दिसतं. त्यामुळे "उभं पुसा, आडवं पुसू नका" असले सल्ले ऐकून फार फरक पडणार नाही. फरक पडतो तो पुसण्याआधी पाणी मारलं का नाही यानं.

आता करायचं काय. टूथपेस्ट बिस्ट काही हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या आणि माझ्या मते खरं काम इथेच आहे, घासणं हे नंतरचं.

पहिली, तुम्ही काचेतून बघता का काचेवरून. गाडीवर नेहमीसारखे बसा आणि समोर वीसेक पावलांवरच्या रस्त्याकडे बघा. काचेची वरची कड तुमच्या नाका-हनुवटीच्या आसपास येत असेल तर नजर वरूनच जाते, मग खालचे चरे नुसते दिसायला वाईट आहेत, त्रासाचे नाहीत, आणि मग खरं सांगू का, राहू द्या. नजर काचेतूनच जात असेल, तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय, तर पुढे वाचा.

दुसरी, चरे कोणत्या बाजूला आहेत. हसू नका, मी एकदा अर्धा तास बाहेरून घासत बसलो होतो आणि चरे होते आतून, टँकबॅगच्या म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसवायच्या बॅगेच्या चेनमुळे पडलेले. एका चऱ्यावर बोटाचं टोक टेकवा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. चरा बोटालाच चिकटून राहिला तर त्याच बाजूला आहे, बोटापासून जरासा सरकला तर पलीकडे. आतून पडणारे चरे बहुतेक वेळा जॅकेटची चेन, मोबाइलचा होल्डर, हँडलला अडकवलेलं हेल्मेट असल्या गोष्टींचे असतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, ते प्लास्टिक कोणतं आहे. विंडशील्ड दोन प्रकारची असतात, अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. अॅक्रिलिक म्हणजे ज्याला प्लेक्सिग्लास म्हणतात तेच, हे नाव जर्मनीत ओटो रोम या रसायनतज्ज्ञांनी १९३३ मध्ये रजिस्टर केलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरसारख्या विमानांच्या वैमानिकाच्या डोक्यावरची घुमटी पण ह्याच प्लास्टिकची होती. त्यामुळे अॅक्रिलिकवरचे चरे घालवणं हे काही बाइकवाल्यांनी शोधलेलं नाही, विमानवाले ते कधीपासून करत आलेत. अॅक्रिलिक आरपार एकजिनसी असतं, वरचा थर थोडा घासून काढला तर खाली परत तेच, म्हणून ते छान पॉलिश होतं. पॉलिकार्बोनेटची गोष्ट वेगळी. ते ठोसा खाण्यात दादा, दगड बसला तरी सहसा फुटत नाही, पण चऱ्यांच्या बाबतीत अॅक्रिलिकपेक्षाही मऊ, म्हणून कंपनी त्यावर हार्ड कोटिंग देते. हे कोटिंग काही मायक्रॉनचं असतं, केसापेक्षाही कितीतरी पातळ. तुम्ही पॉलिशनं चरा काढायला गेलात की चऱ्याबरोबर कोटिंग पण जातं, आणि त्या दिवशी काच चकाचक दिसते, तुम्ही खूष, आणि पुढच्या काही महिन्यांत तेवढाच भाग नव्या चऱ्यांनी भरतो आणि हळूहळू पिवळा पडायला लागतो, कारण उन्हापासून वाचवणारा थरच निघून गेलेला असतो. रोग परवडला पण औषध नको अशी गत.

ओळखायचं कसं, तर काचेच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात शिक्का किंवा स्टिकर असतो तो बघा, पीसी किंवा पीएमएमए लिहिलेलं सापडतं, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीएमएमए म्हणजे अॅक्रिलिक. नाहीतर पार्टच्या माहितीत "हार्ड कोटेड" शब्द शोधा. काहीच सापडलं नाही तर एक गंमत करून बघा. लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण पांढरा करून विंडशील्डच्या मागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. इंद्रधनुष्यासारखे रंगाचे पट्टे ठळक दिसले तर बहुधा पॉलिकार्बोनेट, अॅक्रिलिकमध्ये ते नसतातच किंवा अगदी फिके असतात. ही काही लॅबमधली टेस्ट नाही, पण अंदाज येतो. आणि तरी शंका राहिली तर कोटेड पॉलिकार्बोनेटच आहे असं समजून चालायचं, म्हणजे घासायचं नाही.

मग कोटेडवाल्यांनी काय करायचं? स्वच्छ धुवायची आणि प्लास्टिकसाठी मिळणारा क्लीनर कम वॅक्स लावायचा, ज्यात घासणारी पावडर नाही असा. हा वॅक्स चरा काढत नाही, चऱ्यात जाऊन बसतो आणि प्रकाश तिथे कमी विखुरतो. काही दिवस टिकतो, दोन-चारदा धुतलं की उतरतो, परत लावायचा. फसवणूक आहे का? आहे थोडी, पण कोटिंग शाबूत राहतं. आणि याचा किती उपयोग होईल ते आधीच कळतं, चरे पडलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा आणि टॉर्च मारून बघा. थेंबाखाली चरा गायब झाला तर तो इतका उथळ आहे की वॅक्सनं बरंच काम होईल, आणि अॅक्रिलिक असेल तर नुसत्या हाताच्या पॉलिशनं जाईल. थेंबाखालीही रेघ दिसत राहिली किंवा नख आडवं फिरवल्यावर अडकलं तर चरा खोल आहे.

तुम्ही हात फिरवून काही लागत नाही म्हणताय, म्हणजे उथळच असणार. अॅक्रिलिक निघाली असं धरून सांगतो. काच गाडीवरून काढा, हेडलाइटवर वाकून घासण्यात मजा नाही आणि पॉलिश नको तिथे उडतं. काढताना कोणता रबर वॉशर कुठला होता त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर दुवा द्याल. भरपूर पाणी सोडून आधी नुसती धुवा, हात न लावता. चिलटं-किडे चिकटले असतील तर ओलं फडकं पंधरा मिनिटं पसरून ठेवा, खरवडायचं नाही, ते आपोआप फुगून सुटतात. मग पाण्यात थोडा सौम्य साबण घालून फडक्याऐवजी स्वतःच्या तळव्यानं धुवा, तळव्याला एखादा कण जरी उरला असेल तरी लगेच कळतो, फडक्याला कळत नाही. हा माझा आवडता भाग आहे, हातमोजे बितमोजे घालू नका.

पॉलिश प्लास्टिकचंच घ्यायचं. नोव्हस ह्या ब्रँडच्या तीन नंबरांच्या बाटल्या असतात त्यावरून कल्पना येईल, १ नंबर नुसतं साफ करून चमकवायला, २ बारीक चऱ्यांना, ३ मोठ्या चऱ्यांना, आणि ३ वापरलं की त्यानं पडलेले बारीक ओरखडे काढायला परत २ लागतंच. तुम्हाला बारीक चऱ्यांचंच हवं, ३ ला हात पण लावू नका. सावलीत बसा, काच गार असू दे. काच घडी केलेल्या ब्लँकेटवर ठेवा. तळहाताएवढाच भाग घ्यायचा, नाण्याएवढं पॉलिश, स्वच्छ मऊ फडक्यावर, आणि जोर न लावता आधी उभं मग आडवं घासायचं. पॉलिश सुकत आलं की फडक्याच्या स्वच्छ बाजूनं पुसायचं आणि टॉर्च मागून धरून बघायचं. पहिल्या वेळी काहीच झालं नाही असं वाटतं आणि माणूस जोर लावायला लागतो, तिथेच घोळ होतो. तीन-चार वेळा तेच करा, जाळं विरळ होत जाताना दिसेल. सगळं जाणार नाही, जायची गरजही नाही, रात्री समोरचा दिवा फुटून पसरत नाही इतपत झालं की थांबा.

ड्रिलला स्पंज पॅड लावून करू का असा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. मी केलंय. जुन्या गाडीची काच होती, हातानं दमलो, ड्रिल काढलं, फुल स्पीड, आणि एका जागी जेमतेम चार-पाच सेकंद जास्त थांबलो असेन. अॅक्रिलिक साधारण १०० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि घर्षणानं तेवढी उष्णता चुटकीसरशी होते. रुपयाएवढी जागा दुधाळ झाली आणि तिच्याभोवती लाट आली, नजरेसमोर बरोब्बर मधोमध. पुढे ती गाडी विकेपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्या जागी आली की पोटात फुगायची आणि पलीकडे गेली की परत बारीक व्हायची. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

वॉटर पेपरचं मित्र सांगतोय ते चूक नाही, पण तुमच्यासाठी नाही. नख अडकणारा चरा असेल आणि अॅक्रिलिकच असेल तरच तो उद्योग. १५०० नंबरपासून सुरू, मग २०००, मग ३००० (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), पाणी सतत सोडत, आणि प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, १५०० उभा मारला तर २००० आडवा, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या का ते दिसतं. एक जरी नंबर घाईत उरकला तर त्याच्या रेघा शेवटी पॉलिश झाल्यावर वर येतात आणि परत पहिल्यापासून. नुसत्या चऱ्यापुरतं घासलं तर तिथे खड्डा होतो आणि काच भिंगासारखी वागते, म्हणून आजूबाजूचा बराच मोठा भाग घ्यावा लागतो. विमानाच्या काचांसाठी मायक्रोमेश म्हणून एक किट मिळतं, कापडावर बसवलेला घासपेपर, १५०० पासून १२००० पर्यंत, काम सुंदर होतं, फक्त त्याचे नंबर नेहमीच्या पेपरच्या नंबरांशी जुळत नाहीत, त्याचा १५०० आपल्या १५०० पेक्षा चांगलाच जाडाभरडा असतो हे लक्षात ठेवा नाहीतर पहिल्याच हाताला धक्का बसेल.

टूथपेस्ट राहिली. टूथपेस्टमध्ये घासणारी पावडर असतेच, म्हणून काही लोकांना फरक दिसतो, खोटं बोलत नाहीत ते. पण ती पावडर दातासाठी ठरवलेली आहे, दाताचं एनॅमल ह्या प्लास्टिकपेक्षा पुष्कळ कठीण, आणि कुठल्या पेस्टमध्ये किती भरड आहे ते तुम्हाला मला कळत नाही. एखादी पेस्ट चालून जाते, एखादी सगळीकडे धुकं आणून ठेवते. मोबाइलच्या कव्हरवर हौस भागवा.

प्रश्न: हेडलाइट रिस्टोरेशन किटनं माझ्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची काच नवी कोरी झाली. किटमधलं अर्ध सामान उरलंय, त्याच किटनं विंडशील्ड केली तर चालेल ना? दोन्ही पॉलिकार्बोनेटच आहेत असं वाचलं.

उत्तर: तुमची विंडशील्ड पण पॉलिकार्बोनेटच असेल, तर म्हणूनच नको. त्या किटमध्ये जुनं खराब झालेलं कोटिंग मुद्दाम घासून काढतात आणि शेवटी नवीन यूव्हीचा म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर देतात, बरोबर? हेडलाइटमधून आपण बघत नाही, नुसता प्रकाश बाहेर जातो, त्यामुळे तो थर हातानं पुसून लावला, थोडा जाड-पातळ झाला, एखादा ओघळ राहिला, तरी कोणाला कळत नाही. विंडशील्डवर तोच ओघळ तुमच्या डोळ्यासमोर तासन् तास नाचेल. उरलेलं सामान झाकण घट्ट लावून ठेवा, हेडलाइट परत पिवळा पडणारच आहे.

प्रश्न: हेल्मेटच्या व्हायझरवर पण असेच बारीक चरे आहेत. विंडशील्डचं पॉलिश वापरू का? व्हायझर नवीन घ्यायचा कंटाळा आलाय.

उत्तर: नको. व्हायझर डोळ्यापासून चार बोटांवर असतो, तिथे जरासा जाड-पातळपणा आला तरी डोकं दुखतं, आणि कोटिंग गेलं की महिनाभरात आधीपेक्षा वाईट. व्हायझर ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे असं धरूनच चाला, बदला. आत पिनलॉक म्हणजे वाफ धरू नये म्हणून लावलेली पातळ पट्टी असेल तर तिला तर कोरडं फडकं लावूच नका, ती व्हायझरपेक्षाही मऊ असते, ओल्या फडक्यानं नुसतं टिपायचं आणि वाऱ्यावर सुकू द्यायचं.

प्रश्न: मी दर वेळी धुऊनच पुसतो, कोरडं कधीच नाही, वर गाडीला कव्हर पण घालतो. तरी चरे आहेतच, ते पण जास्त करून वरच्या कडेला. आता बोला.

उत्तर: कव्हर. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर टाकलं आणि वारा सुटला की ते रात्रभर फडफडत घासत राहतं, आणि सगळ्यात जास्त कुठे घासतं तर जिथे ते ताणून टेकलेलं असतं, म्हणजे काचेच्या वरच्या कडेला. कव्हर घालायच्या आधी काचेवर एक जुनी मऊ उशीची खोळ चढवा, स्वच्छ धुतलेली. दिसायला बावळट दिसतं, पण चालतं. कव्हर आतल्या बाजूनं पण धुवावं लागतं हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं.

प्रश्न: काच पॉलिश करायला काढली तर बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक रेघा दिसल्या, सूर्यकिरणांसारख्या बाहेर पसरलेल्या. नख लावलं तर लागत नाहीत. पॉलिशनं जातील का? मी मागच्या महिन्यात चेनचं ग्रीस उडालेलं म्हणून पेट्रोलच्या फडक्यानं काच पुसली होती, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: असेल का काय, तोच आहे. ह्या रेघा वरचे चरे नाहीत, प्लास्टिकच्या आत पडलेले तडे आहेत. बोल्ट आवळला की भोकाभोवती ताण राहतो, आणि अशा ताणलेल्या प्लास्टिकला पेट्रोल, थिनर, अॅसिटोन, ब्रेक ऑइल, अमोनियावाला काच क्लीनर यातलं काही लागलं की तडे जातात. कधी लगेच, कधी काही दिवसांनी, त्यामुळे माणसाला पेट्रोलचा आणि तड्यांचा संबंध लागतच नाही, तुम्हाला लागला हेच विशेष. पॉलिश करू नका, उलट तिथे दाब देऊन घासलं तर तडा पुढे सरकेल. ही काच बदला, आणि बदलेपर्यंत हायवेला वाऱ्याच्या माऱ्यात नेऊ नका, भोकापासून सुटलेली काच थेट तुमच्या अंगावर येते. नवीन बसवताना रबर वॉशर प्रत्येक बोल्टला आहे ना बघा आणि पाना वापरायच्या आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून घ्या, मग रबर जरासं दबलेलं दिसेपर्यंतच आवळा. ग्रीस परत उडालं तर साबणाचं कोमट पाणी, दोनदा धुवावं लागेल इतकंच.